झिनफांडेलच्या पिंपात मुरवलेली लाल एल : प्रकल्पाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२३, डेव्हिस, कॅलिफोर्निया

घरी बिअर बनवणाऱ्या आमच्या बारा जणांच्या मंडळाने यंदा वाइनचे एक वापरलेले पिंप सामाईक विकत घेऊन त्यात कडक लाल एल (बिअरचाच एक प्रकार) मुरवायची, असे आज ठरवले. असे पिंप साधारण २२५ लिटरचे असते, त्यामुळे ते एकट्याने भरणे शक्य नाही. प्रत्येकाने आपापल्या घरी १९ लिटरचा एक घाणा काढायचा आणि सगळे घाणे एकाच दिवशी पिंपात ओतायचे, अशी योजना आहे. दोघे जण दुप्पट घाणा काढतील. ती जास्तीची बिअर स्टीलच्या केगमध्ये थंड ठेवायची, काही पिंपातली तूट भरून काढण्यासाठी आणि काही पुढे तुलना करण्यासाठी. कायद्याची अडचण नाही. १९७८ साली अमेरिकेत घरगुती बिअरला केंद्रीय करातून सूट मिळाली, आणि दोन प्रौढ माणसे असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत मुभा आहे.

नोंदी ठेवण्याचे काम मी मागून घेतले. मागच्या प्रकल्पात सहा महिन्यांपूर्वी बिअर कशी लागत होती यावरून बाराजणांनी बारा गोष्टी सांगितल्या होत्या आणि त्यांतली एकही कुठे लिहिलेली नव्हती.

पाककृती सर्वांसाठी एकच आहे. मुख्य धान्य फिकट माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले बार्ली, त्याला म्युनिक माल्टची जोड, थोडे मध्यम क्रिस्टल, घाण्याला पाव किलो स्पेशल बी नावाचा गडद माल्ट आणि लाल रंगासाठी जेमतेम पन्नास ग्रॅम भाजलेले बार्ली. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुले, फक्त मॅग्नम जातीची, तीही उकळीच्या सुरुवातीला. शेवटी घातलेल्या हॉप्सचा सुवास पिंपात आठ-नऊ महिने टिकत नाही, आणि शिळ्या हॉप्सचा वास कोणालाच नको असतो. आंबवण्यापूर्वीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता, १.०८२ धरली आहे; साखर आंबत जाते तशी ती उतरते.

२५ फेब्रुवारी २०२३

साक्रामेंटोच्या दक्षिणेला लोडीच्या परिसरात जुन्या वेलींच्या झिनफांडेलची, म्हणजे रेड वाइनच्या एका द्राक्षाची, मोठी लागवड आहे. तिथल्या एका लहान वायनरीतून पिंप आणले. ओक फ्रेंच आहे आणि पिंपाने चार हंगाम वाइन सांभाळली आहे, म्हणजे व्हॅनिलासारखा वास देणारा नव्या लाकडाचा जोर बहुतेक संपलेला आहे. बूच काढून आत नाक घातले तेव्हा आधी गंधकाचा झणका आला, कारण रिकामे पिंप खराब होऊ नये म्हणून आत गंधकाची कांडी जाळतात. त्यामागून गोडसर, किंचित उबट असा वाइनचा वास आला. बॅटरीच्या उजेडात तळाशी जांभळ्या गाळाची वाळलेली खपली दिसली.

पिंप दोनदा गरम पाण्याने धुतले आणि तिसऱ्यांदा भरून ठेवले. सपाट बाजूच्या दोन फळ्यांमधून पाणी थेंबथेंब गळू लागले. लाकूड पाणी पिऊन फुगले की अशी फट बहुधा आपोआप बुजते, म्हणून मेण लावण्याची घाई केली नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गळती थांबली. ओतून दिलेले पाणी गुलाबी होते. लाकडात मुरलेल्या वाइनचा बराच भाग या तीन धुण्यांतच मोरीत गेला असावा, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

१८ मार्च २०२३

पिंप भरले. ते एका सदस्याच्या गॅरेजमध्ये जाड लाकडी घोडीवर ठेवले आहे. भरल्यावर ते पावणेतीनशे किलोंच्या आसपास जाते, त्यामुळे जागेची निवड एकदाच आणि विचार करून करावी लागते. ओतण्यापूर्वी प्रत्येक घाणा सर्वांनी चाखला. अकरा घाणे स्वच्छ होते. बाराव्याला मस्क्याचा वास होता, म्हणजे यीस्टने डायअॅसिटिल हे तसा वास देणारे द्रव्य पुरते आवरलेले नव्हते. तो घाणा वगळला तर पिंप अपुरे राहते आणि आत हवा साठते, म्हणून भरपूर चर्चा झाली. शेवटी तो बाजूला ठेवला आणि राखीव केगमधल्या बिअरने भर घातली. ज्यांचा घाणा होता ते थोडे हिरमुसले, पण त्यांनी तो घरी उबेत ठेवला आणि दोन आठवड्यांत वास गेला. आता तीच आमची राखीव बिअर आहे.

एकत्र बिअरची ग्रॅव्हिटी १.०१८, म्हणजे अल्कोहोल सुमारे ८.४ टक्के. रंग डाळिंबाच्या सालीसारखा, उजेडात धरल्यावर तांबूस. चव गुळाच्या पाकाची आणि पावाच्या भाजलेल्या कडेची. शेवटी किंचित मनुका. ही मनुका पिंपात जाण्याआधीची आहे.

बूच वारंवार उघडले की आत हवा जाते आणि हवेबरोबर शिरका होण्याची वाट मोकळी होते, म्हणून नमुन्यासाठी खिळ्याची युक्ती केली. सपाट बाजूला पावणेतीन मिलिमीटरचे भोक पाडून त्यात स्टेनलेस स्टीलचा खिळा ठोकला. सांता रोझाच्या रशियन रिव्हर ब्रूइंगचे विनी सिलुर्झो यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली, म्हणून इकडे त्याला विनीचा खिळाच म्हणतात.

२९ एप्रिल २०२३

पहिली चाखणी. पक्कडीने खिळा उपसला की गाईच्या धारेसारखी बारीक, ताठ धार येते आणि पेल्यात पडताना चरवीत पडणाऱ्या दुधासारखा आवाज होतो. अर्धा पेला भरेपर्यंत आतली पोकळी हवा मागू लागते आणि धार आपोआप मंदावते. खिळा परत ठोकून बाहेरून पुसला.

ग्रॅव्हिटी १.०१७. साठ मिलिलिटर, पेल्यात १३ अंश सेल्सियस. दोन घोटांच्या मध्ये पाणी आणि साधे चुरमुरे. बाकीचे बिनमिठाची बिस्किटे खातात, पण ती चिकटतात. चुरमुरे तोंड झाडून पुसून घेतात आणि स्वतःची चव मागे ठेवत नाहीत.

लाकूड पुढे आले आहे. ताज्या रंध्याच्या भुशाचा वास, पहिल्या घोटात थोडे खोबरे, आणि गिळल्यावर हिरड्यांवर हलका तुरटपणा. सहा आठवड्यांत इतका फरक पडेल असे वाटले नव्हते. पत्रकांवर सर्वांनी “वाइन” हा शब्द लिहिला, मीही लिहिला.

२४ जून २०२३

आज तूट भरण्यासाठी बूच काढावे लागले आणि आत पृष्ठभागावर पातळ, पांढुरकी, सुरकुतलेली साय दिसली. आम्ही कोणतेही वेगळे जंतू घातले नव्हते. गरम पाण्याने पिंपाचा पृष्ठभाग धुतला जातो, पण फळ्यांच्या आत काही मिलिमीटरवर बसलेले ब्रेटॅनोमायसिस मरत नाही, हे सगळ्यांना वाचून माहीत होते; ते समोर आले. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतले निल्स हेल्टे क्लाउसेन यांनी १९०४ साली हे यीस्ट इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरमधून वेगळे करून दाखवले, आणि नावाचा अर्थही ब्रिटिश बुरशी असाच आहे. म्हणजे कडक एल पिंपात मुरवायची आणि तिथे हे बिऱ्हाड नको म्हणायचे, यात जुन्या रीतीच्या दृष्टीने फारसा अर्थ नाही. वायनरीत मात्र तो दोष मानतात, आणि पिंप विकायला का काढले असेल याचाही अंदाज आला.

दोघांचे मत बिअर लगेच काढून घ्यावी असे होते. ग्रॅव्हिटी १.०१४ पर्यंत उतरली आहे, पण आंबटपणा नाही, शिरक्याचा वास नाही, बिअर तारही धरत नाही. राहू द्यायचे ठरले.

नमुना घरी आणला होता. आई सध्या रत्नागिरीहून आलेली आहे. ती चाखणार नाही हे उघड होते, पण पेला ओट्यावर ठेवला तेव्हा जाताजाता तिने वास घेतला आणि म्हणाली, “अरे, हा नव्या वहाणेचा वास आहे. कोल्हापुरी पहिल्यांदा पायात घालताना येतो तो.” मी पत्रकावर अर्धा तास “मसालेदार, मातकट, धुरकट” असे शब्द खरडत होतो. तिचा शब्द घेऊन परत वास घेतल्यावर दुसरे काही सुचेना. तेल लावलेले, उन्हात तापलेले चामडे.

१५ जुलै २०२३

उष्म्याची लाट. बाहेर पारा ४० अंशांच्या वर आहे. गॅरेजमधले वातानुकूलन यंत्र रात्री बंद पडले आणि सकाळी आतले तापमान २९ अंश होते. ओली गोणपाटे पिंपावर टाकली, पंखा लावला, संध्याकाळपर्यंत यंत्र दुरुस्त झाले. खिळा काढून वास घेतला, शिरका नाही. यापुढे तापमापीचा गजर फोनवर येईल अशी व्यवस्था केली.

१९ ऑगस्ट २०२३

ग्रॅव्हिटी १.०१०. आजच्या चाखणीत तुलनेसाठी दोन बाटल्या ठेवल्या होत्या. एक बेल्जियममधील रूसेलारे येथील रोडेनबाखची ग्रां क्रू आणि दुसरी रशियन रिव्हरची कॅबर्ने सोव्हिन्योंच्या पिंपांत मुरवलेली कॉन्सेक्रेशन. रोडेनबाखकडे माणसापेक्षा कितीतरी उंच उभी ओकची पिंपे शेकड्यांनी आहेत, आणि ग्रां क्रूमध्ये दोन वर्षे मुरलेली बिअर अधिक आणि ताजी कमी असते. तिला लोक बर्गंडीची उपमा देतात. जीभ पुसून चाखली तर ती उपमा मुख्यतः आंबटपणावर उभी आहे असे मला वाटते. लॅक्टिक आम्ल आणि शिरक्याची एक चुणूक मिळून आमसुलाच्या पाण्यासारखी जी धार येते, तिलाच आपण वाइन म्हणतो. तिथली पिंपे तर वाइनसाठी वापरलेली नसतातच. आमच्या बिअरमध्ये तेवढे आम्ल नाही, तरीही बारापैकी नऊ पत्रकांवर “द्राक्षे” किंवा “रेड वाइन” लिहिलेले आहे.

या शब्दांबद्दल थोडे लिहायला हवे. डेव्हिसच्या विद्यापीठात अॅन नोबल यांनी वाइनच्या वासांचे प्रसिद्ध चक्र तयार केले आणि इकडे चाखणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ते असतेच. त्यात ब्लॅककरंट आहे. मी ते फळ आयुष्यात खाल्लेले नाही. चौकशी केली तर मंडळातल्या अमेरिकन सदस्यांपैकीही फक्त दोघांनी खाल्ले होते, आणि त्याला कारण आहे. पाइनच्या झाडांवर रोग पसरवते म्हणून १९११ साली अमेरिकेत त्याच्या लागवडीवर केंद्रीय बंदी आली, आणि १९६६ साली तो निर्णय राज्यांवर सोपवला गेला तरी फळ बाजारात परतले नाही. म्हणजे दहा माणसे कधीही न चाखलेल्या फळाची चव बिअरमध्ये ओळखत होती. मी आजपासून माझ्या पत्रकावर फक्त चाखलेल्या गोष्टी लिहायचे ठरवले आहे. आजचे शब्द : पिकलेले जांभूळ, पण त्याचा गर नव्हे, बियेजवळचा भाग, पानातला कात, काकवी, पण गोडी काढून घेतलेली, कोल्हापुरी वहाण.

तुरटपणाचा प्रकार बदलला आहे. एप्रिलमध्ये तो हिरड्यांवर होता. आता जिभेच्या कडांना आहे, आणि जांभळे खाल्ल्यावर जीभ जशी जाड होते तशी ती घोटानंतर मिनिटभर राहते.

२३ सप्टेंबर २०२३

आंधळी चाखणी. मंडळात रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांच्या आग्रहावरून काळे, अपारदर्शक पेले मागवले. बोर्दो येथे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाची त्यांनी आठवण करून दिली. पांढऱ्या वाइनला बिनवासाचा लाल रंग देऊन ती वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. आमची एल मुळातच लाल आहे, तेव्हा डोळे बाजूला ठेवणे भाग होते.

तीन द्रव होते. पहिला, केगमधली राखीव बिअर, जिने पिंप पाहिलेले नाही. दुसरा, तीच राखीव बिअर, पण तिच्यात लिटरला ४० मिलिलिटर लोडीचे झिनफांडेल मिसळलेले. तिसरा, पिंपातली बिअर. तिन्ही १३ अंशांवर, पेल्यांवर तीन आकडी क्रमांक, क्रम प्रत्येकाला वेगळा. पेले भरण्याचे काम एका सदस्याच्या पत्नीने केले, त्यामुळे आम्हा बाराजणांना काहीच माहीत नव्हते. प्रश्न एकच ठेवला : यांतली कोणती वाइनच्या पिंपात मुरलेली आहे? खाली प्रत्येकासाठी वर्णनाची जागा.

आठ जणांनी वाइन मिसळलेल्या बिअरकडे बोट दाखवले, तिघांनी पिंपातल्या बिअरकडे, एकाने राखीव बिअरकडे. मी आठांमध्ये होतो. सहा महिने खिळा उपसून चाखणारा माणूस मी, आणि मलाही ओळखता आली नाही.

वर्णने मात्र निकालापेक्षा उपयोगी आहेत. पिंपातल्या बिअरला ऑगस्टमध्ये द्राक्षे म्हणणाऱ्या नऊजणांपैकी आज एकानेही तिच्यापुढे द्राक्षे लिहिलेली नाहीत. “कोरडी”, “साल”, “चहाचा चोथा”, “चामडे” असे शब्द आहेत. उलट, पिंप न पाहिलेल्या राखीव बिअरपुढे पाच जणांनी “मनुका” किंवा “सुके आलुबुखार” लिहिले आहे. ती मनुका स्पेशल बी माल्टची आहे. १८ मार्चच्या नोंदीत मी ती पिंप भरण्याआधीच चाखली होती आणि एप्रिलमध्ये विसरूनही गेलो होतो. माल्टची मनुका, लाकडाचा तुरटपणा आणि लाल रंग हे तीन एकत्र आले, शेजारी पिंपावर वायनरीचा शिक्का दिसत होता, आणि आपण बेरीज करून त्याला वाइन म्हणून मोकळे झालो.

हिशोबही तेच सांगतो. लाकडात पाच लिटर वाइन मुरलेली होती असे धरले आणि त्यातली थेंबही धुण्यात गेली नाही असे मानले, तरी २२५ लिटरांत ती दोन टक्क्यांच्या किंचित वर भरते. आम्ही मिसळली ती चार टक्के, आणि तीही ताजी. पिंपाने आम्हाला वाइन दिलेलीच नाही म्हटले तरी चालेल. पिंपाने दिले ते टॅनिन, हवेचा संथ शिरकाव आणि ते न बोलावलेले यीस्ट.

प्राध्यापकांनीच आक्षेपही काढला : प्रश्नात “वाइन” शब्द होता, त्यामुळे जीभ वाइनच शोधत गेली. आक्षेप रास्त आहे.

१४ ऑक्टोबर २०२३

सहा जणांवर पुन्हा चाखणी केली. यावेळी प्रश्न नाही, फक्त वर्णन. वाइन मिसळलेल्या बिअरला चौघांनी वाइन किंवा द्राक्षे म्हटले, पिंपातल्या बिअरला कोणीही नाही. एवढ्या थोड्या माणसांवरून मोठे काही म्हणता येणार नाही, पण माझ्यापुरता प्रश्न मिटला. ग्रॅव्हिटी १.००९, गेल्या महिन्याइतकीच.

१८ नोव्हेंबर २०२३

बाटल्या भरल्या. सप्टेंबरपासून ग्रॅव्हिटी १.००९ वर स्थिर होती म्हणूनच भरल्या. बाटलीत ब्रेटॅनोमायसिस उरलेली साखर खात राहिले तर ग्रॅव्हिटी ०.००२ ने उतरल्यावर साधारण बिअरच्या घनफळाइतका कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि साध्या बाटल्या तो सोसत नाहीत. शॅम्पेनच्या जाड काचेच्या बाटल्या घेतल्या. अल्कोहोल आता ९.६ टक्क्यांच्या आसपास आहे आणि आत आठ महिने मुरलेले यीस्ट थकलेले, त्यामुळे भरताना साखरेबरोबर ताजे यीस्टही घातले. तळचा गाळ सोडून प्रत्येकाच्या वाट्याला १७ लिटर आले.

लेबलावरून वाद झाला. एका हौशी सदस्याने द्राक्षाच्या घडाचे सुंदर चित्र आधीच छापून आणले होते. मी सप्टेंबरची पत्रके पुढे ठेवली आणि म्हटले की घड दिसला की लोकांना द्राक्षे लागणार. ते म्हणाले, लागू देत, त्यासाठीच तर चित्र काढले आहे. मतदानात मी हरलो. माझ्या वाट्याच्या बाटल्यांवर मी कागदाची पट्टी चिकटवून पेन्सिलीने तारीख आणि १.००९ एवढेच लिहिले.

पिंप रिकामे ठेवणे बरे नव्हे, म्हणून त्याच संध्याकाळी गरम पाण्याने धुऊन त्यात हलकी तपकिरी एल भरली. आता तिथे राहणारे यीस्ट कोण आहे हे माहीत आहे, म्हणून यावेळी आंबट करायचीच ठरवली आणि जिवाणूही मुद्दाम घातले.

२७ जानेवारी २०२४

दहा आठवड्यांनी पहिली बाटली. बूच हलक्या फुस्स आवाजात निघाले, फेस बदामी आणि लवकर बसणारा. १३ अंशांवर वास घट्ट होता, १६ अंशांवर उघडला, त्याहून गरम झाल्यावर अल्कोहोल नाकात बोचू लागले. वहाणेचा वास मागे सरून जुन्या लाकडी पेटीचा झाला आहे. तोंडात आधी काकवी, मध्ये जांभळाच्या बियेजवळचा तुरट भाग, शेवटी काताची कोरड. कडवटपणा आणि तुरटपणा एकमेकांच्या जागा घेतात, त्यामुळे दुसरा घोट पहिल्यापेक्षा कमी गोड लागतो. साठ मिलिलिटर पुरेसे आहे. याहून अधिक घेतले की जीभ जड होते आणि नोंद खोटी होते.

आज जेवायला आलेल्या दोन पाहुण्यांना एकाच बिअरच्या दोन बाटल्या दाखवून ओतून दिल्या, एक घडाच्या चित्राची, शेजाऱ्यांकडून मागून आणलेली, आणि एक माझ्या पेन्सिलीच्या पट्टीची. पहिलीत त्यांना द्राक्षे लागली. दुसरीत एकाला ग्लासात काही तरी “हरड्यासारखे” लागले. तो शब्द मी पत्रकावर लिहून घेतला आहे. हरडा मी लहानपणी आजीच्या डब्यातला चाखलेला आहे, आणि काताच्या शेजारी तोच अधिक जवळचा होता. पुढच्या चाखणीच्या दिवशी इथल्या भारतीय किराणा दुकानातून थोडा हरडा आणून शेजारी ठेवून पाहायचे आहे. खिळ्यातून नव्या एलचा पहिला नमुना ९ मार्चला.